कृत्तिकेच्या हातातली तसबीर

चंदीगडच्या इंडस्ट्रियल एरियात, एलांते मॉलमध्ये, नोव्हेंबर 2025 मध्ये 'मस्ती 4' हा हिंदी सिनेमा पाहिला. पुढच्या रांगेत एक जोडपं होतं. नवरा सुरुवातीला खळखळून हसत होता. बायको मांडीवरच्या मोबाइलमधून मान वर काढत नव्हती. मध्यंतरानंतर दोघंही परतली नाहीत. त्या बाईच्या कंटाळ्यानं मला हे लिहायला बसवलं.

तिच्यासाठी त्या पडद्यावर काही नव्हतंच. 2004 च्या पहिल्या 'मस्ती'पासून तेच तीन नवरे संसाराला विटून बाहेर हुंदडताहेत. या वेळी 'लव्ह व्हिसा'ची युक्ती आहे: बायकोनंच नवऱ्याला काही दिवस मोकळं सोडायचं. पुढे बायका डाव उलटवतात. इथे खरा सिनेमा सुरू व्हायला हवा होता, पण गंमत शेवटपर्यंत नवऱ्यांच्या तारांबळीचीच राहते. द्व्यर्थी संवादांना माझी हरकत नाही. आपल्या वगनाट्यानं ते किती तरी जास्त नजाकतीनं पेलले आहेत. हरकत आहे ती बायकांना एकही हशा न देण्याला.

'नो एन्ट्री' आणि 'थँक यू' याच कारखान्यातला माल. 'बीवी नं. 1'ला डेव्हिड धवनचा वेग होता, बाकी काही नाही.

बी. आर. चोप्रांच्या 1978 च्या 'पती पत्नी और वो'पाशी मात्र थांबावं लागतं. संजीवकुमारचा रणजीत सेक्रेटरीची सहानुभूती मिळवायला बायको असाध्य आजारी असल्याची थाप मारतो. विद्या सिन्हाची शारदा पत्रकार बनून त्या मुलीला गाठते आणि थाप उघडी पाडते. म्हणजे निदान एक तरी खेळी तिची आहे. 2019 च्या नव्या आवृत्तीत थापच बदलली: बायकोचं बाहेर प्रकरण आहे असं नवरा सांगतो. चाळीस वर्षांत बायको मरणपंथावरून बदफैलीवर आली, आणि याला आपण आधुनिकता म्हणायचं!

आता सिनेमा सोडून मराठी नाटककार देवलांकडे या. त्यांचं 'संशयकल्लोळ' हे नाटक 1916 चं. त्याचं आधीचं गद्य रूप 'फाल्गुनराव' त्याहून वीसेक वर्षं जुनं, आणि मूळ धागा आर्थर मर्फीच्या इंग्रजी नाटकामार्गे मोलिएरपर्यंत जाणारा. रस्त्यात रेवतीला घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, त्याची बायको कृत्तिका ते पाहते. तिथेच पडलेली रेवतीच्या प्रियकराची, अश्विनशेटची तसबीर कृत्तिका उचलते, आणि ती न्याहाळताना नवरा तिला पाहतो. बस्स, एवढ्यावर अख्खं नाटक उभं. कुणीही कुणाला फसवलेलं नाही! तरी दोघं एकमेकांवर तुटून पडतात, एकाच त्वेषानं. कृत्तिका रडत कोपऱ्यात बसत नाही. पाळत ठेवते, टोमणे मारते, पुरावा हातात धरून भांडते. तिचा संशय नवऱ्याच्या संशयाइतकाच वेडगळ आहे, म्हणून ती त्याच्याइतकीच विनोदी आहे. (महिन्यांची नावं पुरुषांना आणि नक्षत्रांची बायकांना, ही देवलांची गंमत मला प्रत्येक वेळी नव्यानं आवडते.)

हिंदी सिनेमाच्या लेखकांना हे कळत नाही असं मी मानायला तयार नाही. त्यांना ते नको आहे. बायको हसवू लागली की नवऱ्याला शेवटी माफी फुकट मिळत नाही, म्हणून तिला मंगळसूत्र, आसवं आणि क्षमा एवढंच द्यायचं. प्रेक्षकांना बायकोचा विनोद चालत नाही, ही सबब तर साफ खोटी आहे. विनोदकार जसपाल भट्टी याच चंदीगडचे. त्यांच्या 'फ्लॉप शो' या मालिकेत 1989 मध्ये त्यांच्या पत्नी सविता भट्टी बायकोच्याच भूमिकेत त्यांच्या बरोबरीनं उभ्या होत्या, आणि दूरदर्शनवर देशभर लोकांनी ते हसत पाहिलं.

रितेश देशमुख, तुम्ही चारही 'मस्ती'त आहात. तुमच्याकडे विनोदाची जाण आहे, मराठीत सिनेमे उभे करण्याची ताकद तुम्ही दाखवली आहे. पाचव्याचा विचार सोडा. तुम्ही फाल्गुनराव व्हा, एखादी तयारीची नटी कृत्तिका म्हणून समोर उभी करा, आणि ती तसबीर तिच्या हातात द्या.