उसने आकाश : छायाचित्रातील सत्याचा एक प्रश्न

छायाचित्रातील मूळ आकाश काढून त्याजागी दुसरे बसविणे ही संगणकाने आणलेली लबाडी होय, असा समज रूढ आहे. तो इतिहासाला धरून नाही. ओल्या कलोडियनची काच निळ्या प्रकाशास फार संवेदनशील असे. त्यामुळे समुद्र नीट उमटेपर्यंत आकाश कोरे होऊन जाई. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने सेत येथील ‘मोठी लाट’ (१८५७) या चित्रात समुद्र एका निगेटिव्हवरून व आकाश दुसऱ्यावरून छापले आणि दोहोंचा सांधा क्षितिजरेषेवर जुळविला.

१९९४ साली फोटोशॉपच्या तिसऱ्या आवृत्तीत थर आले. लेयर मास्क हा अशा थरावरील पडदा होय. तो जेथे पांढरा तेथे थर दिसतो, काळा तेथे झाकला जातो, करडा तेथे अर्धवट दिसतो. मूळचे मात्र काहीच पुसले जात नाही. ल ग्रेला क्षितिजाच्या सरळ रेषेचा आधार होता; हा पडदा झाडाच्या पानापानांतूनही आकाश ओवू शकतो. २०२० पासून तर फोटोशॉप आकाश स्वतःच ओळखते, मास्क तयार करते आणि नव्या आकाशास साजेशी छटा भूमीवर चढविते.

परंतु छटा बदलली म्हणजे प्रकाश बदलला असे नव्हे. माध्यान्हीच्या आखूड सावल्या सायंकाळच्या मेघांखाली तशाच राहतात, आणि चित्र स्वतःविरुद्धच साक्ष देते. म्हणून रचना या नात्याने अशा चित्राची पहिली कसोटी प्रकाशाची एकवाक्यता ही होय.

ही कसोटी मात्र पुरेशी नाही. ल ग्रेचेही आकाश त्या क्षणाचे नव्हते. तथापि त्याची निकड माध्यमाच्या उणिवेतून आली होती. आज ती उणीव बहुतांशी उरलेली नाही. उरली आहे ती प्रामुख्याने आकर्षकतेची हौस. कलाकृतीस ती क्षम्य आहे. वृत्तचित्रास नाही, कारण तेथे चित्र साक्षीदार म्हणून उभे असते, आणि सांधा जितका निर्दोष तितकी फसवणूक अधिक. मूळ आकाश थराखाली सुरक्षित असते हे खरे. पण प्रसिद्ध होणाऱ्या सपाट चित्रात तो थर वाचकापर्यंत पोहोचत नाही. म्हणून पडदा कोठे टाकला हे सांगण्याची जबाबदारी, तो टाकणाऱ्याचीच राहते.