पुढचं शून्य

कुठलीही चार अंकी संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. आता इथून पुढे कितीही वेळा करा, ६१७४च येणार. जास्तीत जास्त सात फेऱ्यांत प्रत्येक संख्या इथे येऊन थांबते.

हा शोध नाशिकजवळच्या देवळालीत शाळामास्तर असलेल्या द. रा. कापरेकरांचा (१९०५–१९८६). मराठी विकिपीडियावर गणिताचे लेख लिहू पाहणाऱ्या चार-पाच विद्यार्थ्यांना मी काही महिने मदत करत होते, तेव्हा नमुना म्हणून या विषयावर एक मसुदा मीच धूळपाटीवर लिहिला. सरावासाठीच्या पानाला मराठी विकिपीडियावर धूळपाटी म्हणतात. मला हे नाव फार आवडतं. आपले जुने गणिती खरोखरच पाटीवर धूळ पसरून त्यात बोटाने आकडेमोड करत आणि पुसून टाकत.

एका रात्री आमच्यातल्या एका मुलीने माझ्या मसुद्यात ओळ घातली : ‘पण हे प्रत्येक वेळी खरे ठरत नाही, उदा. २१११.’ मी दोन मिनिटांत ती उलटवली. संपादन सारांशात दोन शब्द टाकले, ‘चुकीची माहिती’, आणि झोपले. त्यानंतर आठवडाभर ती गटात बोललीच नाही. शेवटी मीच फोन केला.

‘ताई, मी तीनदा करून बघितलं. शून्यच येतं.’

२१११ वजा १११२ बरोबर ९९९. ९९९ उतरत्या क्रमाने लिहा की चढत्या, ९९९च. वजाबाकी शून्य. तिचं काहीच चुकलं नव्हतं. चुकला होता माझा मसुदा. ९९९ला ०९९९ मानायचं, म्हणजे चार घरं राखायची, हे मी कुठे लिहिलंच नव्हतं. तसं केलं की ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. पाच फेऱ्यांत गाडी स्टेशनात. पहिल्या परिच्छेदात मी तुम्हालाही ३७८ असंच लिहून दाखवलं. त्या उदाहरणात फरक पडला नाही, म्हणून कुणाला खटकलं नाही. तुम्हाला खटकलं असेल तर तुम्ही माझ्यापेक्षा बरे संपादक आहात.

तेव्हापासून मी विकिपीडियावरचे गणिताचे लेख वेगळ्या नजरेने वाचते. बहुतेक लेखांत चूक सापडत नाही. पण ते ज्याला विषय आधीच येतो त्याने, ज्याला येतो त्याच्यासाठी लिहिलेले असतात. मराठीत त्यात आणखी एक भर. इंग्रजी लेखाची सुरुवात ‘गणितात,’ अशी होते, म्हणून मराठी लेखही ‘गणितात,’ म्हणून स्वल्पविरामावर अडखळत सुरू होतो. पुढे ‘ही एक अशी संख्या आहे जी… आणि जी…’. असं मराठी कुणाची आई बोलत नाही, कुणाचे मास्तर फळ्यावर लिहीत नाहीत. ‘ज्या संख्येला नेमके दोनच विभाजक असतात ती मूळ संख्या’ हे वाक्य लहान आहे, अचूक आहे, आणि १ ही मूळ संख्या का नाही हेही न सांगता सांगून जातं. ‘ज्या–ती’ची ही जोडी आपल्या भाषेत व्याख्येसाठी तयारच पडलेली आहे. ती सोडून आपण ‘जी आणि जी’च्या मागे का लागतो, मला कळत नाही.

इंग्रजी विकिपीडियाच्या मार्गदर्शक पानांवर एक चांगला सल्ला आहे : विषय साधारण ज्या पातळीवर शिकवतात, त्याच्या एक पायरी खालच्या वाचकासाठी लिहा. नवख्यांवर तुटून पडू नका, हेही तिथे लिहिलेलं आहे. साधी आकडेमोड म्हणजे स्वतःचं नवं संशोधन नव्हे, हेसुद्धा. म्हणजे नियमांनी त्या मुलीची बाजू आधीच घेतली होती. मीच ते नियम तिला पाठ करायला दिले होते, आणि रात्री अकरा वाजता मलाच आठवले नाहीत.

०.९९९… वरचा इंग्रजी लेख यासाठी वाचण्यासारखा आहे. अनंत नऊ असलेली ही संख्या बरोबर १ असते. लोकांना ते पटत नाही आणि ते भांडायला येतात. इतके येतात, की लेखाच्या चर्चा पानाखाली वादांसाठी वेगळं पान काढावं लागलं. मला हा बंदोबस्त वाटतो, कटकट्या पाहुण्याला ओसरीवर बसवल्यासारखा. पण लेखाचं श्रेय असं, की विद्यार्थ्यांना ही शंका का येते यावर त्याने स्वतःच्या पोटात एक पूर्ण विभाग लिहिला. ओसरीवरची माणसं थोडी का होईना, घरात आली.

मदत करणारे आम्ही मात्र शिकवतो काय? सूत्र कसं टाकायचं, तिरपी रेघ कुठे, महिरपी कंस कुठे. फोनवर मराठी कळफलकातून इंग्रजीत जा, परत या, पुन्हा जा, यातच निम्मी मुलं गळतात. गणित राहतं बाजूला. या मुलांकडे नुकतीच लागलेली ठेच असते. ती आम्हाला आता लागत नाही, म्हणून दगड कुठे आहे ते आम्हाला दिसत नाही. तिला मी हे असं काही म्हणाले नाही. माफी मागितली आणि विचारलं, ‘तूच लिहितेस का ते?’

मसुद्यात आता २१११चं उदाहरण आहे. तिच्या शब्दांत : ‘वजाबाकी तीन अंकी आली तर पुढे शून्य लिहावे, नाहीतर फसायला होते.’ ‘फसायला होते’ विश्वकोशी नाही असं एकाचं म्हणणं पडलं. चर्चा पानावर त्यावर अजून वाद चालू आहे. मी मत दिलेलं नाही.

ती स्वतः त्या वादात नाही. पाच अंकी संख्या घेतल्या तर सगळ्या कुठे थांबतात, हे तिला हवं आहे. त्या कुठेच थांबत नाहीत, ठरावीक संख्यांच्या चक्रात फिरत राहतात, हे मला माहीत आहे. परवा पाहिलं तर तिच्या धूळपाटीवर चाळीसेक वजाबाक्या होत्या. पान बंद केलं.