न दिसणारें नाटक

वाङ्मयीन मासिकांत मोटारींच्या शर्यतीवर लेख पाहून कांहीं वाचकांच्या कपाळास आठ्या पडतील, हें मी जाणून आहें. प्रोफेसर महाशयांस उतारवयांत हा कोणता छंद लागला, असेंही कोणी विचारील. त्यांस माझें उत्तर एवढेंच कीं, ज्या ठिकाणीं लाखांनीं माणसें जमून एक दिवस व एक रात्र एखादी गोष्ट पाहत बसतात, त्या ठिकाणीं टीकाकारास विचारण्याजोगा एक प्रश्न तरी खास असतो. हीं माणसें तेथें काय पाहतात, आणि जें पाहतात त्यानें त्यांच्या मनाचें काय होतें? आपल्या साहित्यशास्त्रानें नाट्यगृहांतील प्रेक्षकांविषयीं हाच प्रश्न शतकानुशतकें विचारला आहे.

सन २०१६ च्या जून महिन्यांत मीं फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत आरंभापासून शेवटापर्यंत पाहिली. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे नोकरीस आहे. "सर, एकदां चला, मग काय ती टीका करा," हा त्याचा आग्रह मोडवेना. ही शर्यत प्रथम १९२३ च्या मे महिन्यांत झाली. मोटारी रात्रंदिवस हांकल्या असतां कितपत टिकतात, त्यांचे दिवे व त्यांचीं यंत्रें भरंवशाचीं आहेत कीं नाहींत, याची परीक्षा घ्यावी हा तिचा मूळ हेतु. वाट सुमारें १३.६ किलोमीटरांची असून तिचा बराच भाग एरवीं येणाजाणाऱ्यांचा सार्वजनिक रस्ता आहे. एका मोटारीस बहुधा तीन चालक असतात व ते पाळीपाळीनें बसतात. इतर बहुतेक शर्यतींत अंतर ठरलेलें असतें व काळ मोजतात. येथें काळ ठरलेला असतो व अंतर मोजतात. हा भेद वरवर क्षुल्लक वाटला, तरी माझ्या मतें या शर्यतीचें सारें मर्म त्यांत आहे.

प्रेक्षक म्हणून मला पहिला धक्का बसला तो हा कीं, येथें पाहावयास गेलेल्या माणसास फारसें कांहीं दिसतच नाहीं. आपण ज्या गॅलरींत बसतों तेथून रस्त्याचा एक लहानसा तुकडा दिसतो. त्या वर्षीं जिंकलेल्या पोर्श मोटारीनें ३८४ फेऱ्या केल्या. दर फेरीस ती चार सेकंद दृष्टीस पडली असें धरलें, तरी चोवीस तासांचा हिशेब पंचवीस मिनिटांच्या आसपास येतो. बाकीचे साडेतेवीस तास ती झाडांपलीकडे, अंधारांत, कोठें तरी धांवत असते. आणि मोटारी एक नव्हे, साठ होत्या. त्याही निरनिराळ्या वर्गांच्या, आणि प्रत्येक वर्गाची शर्यत स्वतंत्र. डोळ्यांपुढून गेलेली मोटार खरोखरी पुढें आहे कीं दहा फेऱ्या मागें आहे, हें नुसत्या डोळ्यांना कळण्याचा संभव नाहीं.

मग कळतें कसें? तर ऐकून. ध्वनिक्षेपकांतून आणि कानाला लावलेल्या लहानशा रेडिओ-यंत्रांतून निवेदक अखंड बोलत असतो. अमुक मोटार दुरुस्तीस थांबली, तमुक चालकाची पाळी संपली, अर्नाजच्या वळणावर कोणी घसरला. मला त्या वेळीं भरताचें स्मरण झालें. युद्ध, राज्यनाश, मरण, नगराचा वेढा या गोष्टी रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवूं नयेत, प्रवेशकांच्या द्वारें कळवाव्या, असा नाट्यशास्त्राचा दंडक आहे. वर्गांत आपण हा नियम शिकवितों तो बहुधा जुन्या काळच्या सोवळेपणाचा नमुना म्हणून. ल माँ येथें माझी खात्री झाली कीं, त्यांत सोवळेपणापेक्षां अनुभव अधिक आहे. जें दिसत नाहीं तें कानांवर आलें म्हणजे मन तें स्वतः रचूं लागतें, आणि स्वतः रचलेल्या वस्तूपासून मनास सहजासहजीं दूर होतां येत नाहीं. एका क्रमांकाची मोटार ठरल्या वेळीं आली नाहीं, तेव्हां आमच्या रांगेंतील एक वृद्ध फ्रेंच गृहस्थ हातांतील घड्याळ पाहत उभे राहिले, ते ती येईपर्यंत बसले नाहींत. त्यांच्या समोर त्या वेळीं रिकाम्या रस्त्यावांचून कांहीं नव्हतें.

इंग्रजी शिकलेल्या माणसास येथें ॲरिस्टॉटल आठवावयाचाच. शोकान्तिका शक्यतों सूर्याच्या एका परिभ्रमणांत आटोपते, असें त्यानें नमूद केलें आहे. कालाचें ऐक्य ल माँ येथें घड्याळानें सांभाळलें आहे, स्थळाचें ऐक्य वाटोळ्या वाटेनें. परंतु ज्या ऐक्यावर त्या तत्त्वज्ञाचा खरा भर, तें कथानकाचें ऐक्य येथें मुळींच नाहीं. म्हणून शास्त्रदृष्ट्या हिला नाटक म्हणणें चूक. तिची जात मला आपल्या कोंकणांतील दशावतारी खेळाशीं अधिक जुळती वाटली. तो खेळही रात्रभर चालतो. माणसें मधूनच उठतात, चहा घेऊन येतात, मुलें मांडीवर झोंपतात, आणि जागीं होऊन पाहतात तों खेळ चाललेलाच असतो. अभिनवगुप्तानें रसास्वादाचीं सात विघ्नें सांगितलीं आहेत. स्वतःच्या सुखदुःखांत गुरफटणें हें त्यांपैकीं एक. थंडी, भूक, झोंप, पाठदुखी असें सारें साहित्य माझ्यापाशीं सिद्ध होतें. नवल हें कीं, येथें तें रसाच्या आड आलें नाहीं. रस्त्यावरच्या माणसांसही तीच थंडी व तीच झोंप छळीत होती, आणि त्यांच्या-माझ्यामध्यें तेवढाच एक धागा होता.

आरंभालाच पावसाची मोठी सर आली, आणि या शर्यतीच्या इतिहासांत प्रथमच सारा ताफा सुरक्षा-मोटारीच्या मागें संथपणें निघाला. पाऊण तासाहून अधिक वेळ ही मिरवणूक चालली. लोक कुरकुरले, मला मात्र ती नांदी म्हणून बरी वाटली. त्या दिवसांत तिकडे सूर्य रात्रीं दहाच्या सुमारास मावळतो. अंधार पडल्यावर मोटारी दिसेनाशा होतात आणि दिवे तेवढे उरतात. आम्ही अर्नाजच्या वळणापाशीं जाऊन उभे राहिलों. लांबून दोन पांढरे ठिपके येत, वळणापाशीं वेग आवरतांना चाकांच्या आंतील ब्रेकच्या तबकड्या निखाऱ्यासारख्या फुलत, आणि क्षणांत विझून पुन्हा काळोख होई. हळूहळू मी डोळे मिटून आवाज ओळखूं लागलों. अमेरिकन कॉर्व्हेटचा ढोलासारखा गडगडाट वेगळा, आणि डिझेलवर चालणाऱ्या आउडीचा दबका सूर वेगळा. मागें जत्रेचा मोठा पाळणा दिव्यांनीं लखलखत फिरत होता, तंबूंतून धूर येत होता. पहाटे उजाडलें तेव्हां त्याच मोटारी मळलेल्या, किड्यांनीं माखलेल्या, कांहींच्या अंगावर चिकटपट्टीचीं ठिगळें, अशा दिसल्या. आदल्या दिवशींच्या चकचकीत यंत्रांविषयीं जें वाटलें नव्हतें तें त्यांच्याविषयीं वाटलें.

१९०९ सालीं इटालियन कवि मारिनेत्ती यानें आपल्या जाहीरनाम्यांत शर्यतीची मोटार ही सामोथ्रेसच्या प्राचीन विजयदेवतेहून सुंदर ठरविली. ही वेगपूजा ल माँ येथें तासाभरांत गळून पडते. ताशी तीनशें किलोमीटर हा वेग पहिलीं दहा मिनिटें थरारक वाटतो, मग अंगवळणीं पडतो. १९८८ सालीं तेथील लांब सरळ रस्त्यावर एका मोटारीनें ताशी ४०५ किलोमीटर वेग गांठला. १९९० सालीं त्या रस्त्यावर मुद्दाम दोन ठिकाणीं नागमोडी वळणें घालण्यांत आलीं. शर्यतीचा रस त्यामुळें आटला नाहीं. लोकांच्या स्मरणांत राहतो तो १९५२ सालचा पिएर लेव्हेग. त्यानें जोडीदारास चक्र न देतां जवळजवळ तेवीस तास एकट्यानें मोटार हांकली. तो पुष्कळ पुढें होता. आणि शेवटच्या टप्प्यांत यंत्र मोडून सारें व्यर्थ गेलें.

चित्रपटांनीं या शर्यतीचें काय केलें, हेंही पाहण्याजोगें आहे. १९७१ च्या 'ल माँ' या स्टीव्ह मॅकक्वीनच्या चित्रपटांत पहिला अर्धा तास पात्रांमध्यें जवळजवळ संवादच नाहीं; निवेदकाचा आवाज आणि यंत्रांचा आवाज, एवढेंच. कथानक शोधूनच काढावें लागतें. हा त्याचा दोष मानतात. मला तो त्याचा प्रामाणिकपणा वाटतो. उलट १९६६ च्या शर्यतीवरील, २०१९ सालीं निघालेला 'फोर्ड व्हर्सेस फेरारी' हा मोठा कुशल चित्रपट. फोर्डच्या तीन मोटारी एकत्र आणण्याच्या हौसेपायीं केन माइल्सचा हातचा जय मॅक्लारेन व अमॉन यांच्याकडे गेला, ही घटना मुळांतच नाट्यमय आहे, आणि चित्रपटानें ती खुलविली आहे. चोवीस तास त्यानें थोडक्यांत बसविले यास माझा आक्षेप नाहीं. संक्षेप हा कलेचा धर्मच आहे. आक्षेप हा कीं, त्यांत प्रेक्षकास सदैव मोटारींतच बसविलें आहे. त्याला सर्व दिसतें, कशाची वाट पाहावी लागत नाहीं, आणि म्हणून ल माँ येथील मुख्य अनुभवच त्याच्या वांट्यास येत नाहीं.

येथवर मी रसिकाच्या बाजूनें बोललों. आतां जी गोष्ट सांगावयास संकोच वाटतो ती सांगितली पाहिजे. मध्यरात्रीनंतर केव्हां तरी निवेदकानें एका अपघाताची वार्ता दिली. आम्ही सारे उभे राहिलों. थोड्या वेळानें कळलें कीं, चालक आपल्या पायांनीं बाहेर आला, त्यास इजा नाहीं. लोकांनीं टाळ्या वाजविल्या, मींही वाजविल्या. परंतु त्या टाळ्यांच्या आधीं, निमिषभर, माझ्या मनांत जें उमटलें त्यास निराशेवांचून दुसरा शब्द नाहीं. गोष्ट अपुरी राहिल्याची ती निराशा होती. तीस वर्षें शोकान्तिका शिकविणाऱ्या माणसास स्वतःच्या मनाचें हें दर्शन सुखावह नव्हतें.

तात्यासाहेब केळकरांनीं रसास्वादास 'सविकल्प समाधि' म्हटलें आहे. परक्याच्या भूमिकेंत शिरावें, पण स्वतःचें भान सोडूं नये, असा त्याचा भावार्थ. नाट्यगृहांत ही उपपत्ति निर्धोक आहे, कारण मेलेला नट पडद्याआड चहा पीत असतो. जेथें नट खरोखर मरूं शकतो तेथें ती कशाच्या आधारावर उभी राहणार? ११ जून १९५५ रोजीं त्याच लेव्हेगची मर्सिडीज दुसऱ्या मोटारीवर आदळून प्रेक्षकांच्या बाजूस फेंकली गेली. तो आणि ऐंशींहून अधिक प्रेक्षक मरण पावले. शर्यत थांबली नाहीं. लोक एकदम निघाल्यास रस्ते तुंबून रुग्णवाहिका अडतील, असें कारण देण्यांत आलें. तें खोटें होतें असें मी म्हणत नाहीं. मर्सिडीजनें रात्रीं आपल्या उरलेल्या मोटारी काढून घेतल्या. इतरांची शर्यत दुसऱ्या दिवशीं पुरी झाली. त्या रात्रीं जो प्रेक्षक पलीकडच्या वळणावर बसला होता, त्याच्या पुढून मोटारी पूर्वीसारख्याच जात होत्या. न दिसण्याचा जो गुण मीं वर वाखाणला, त्याचें हें दुसरें तोंड आहे.

या प्रश्नाचें एक अर्धें उत्तर १९६९ सालीं एका चालकानेंच दिलें. तोंवर आरंभाची पद्धत अशी कीं, चालकांनीं धांवत रस्ता ओलांडावा, उडी मारून मोटारींत बसावें व निघावें. देखावा नामी, परंतु या घाईंत पट्टे नीट बांधण्यास सवड नसे. बेल्जियमचा जाकी इक्स त्या दिवशीं धांवला नाहीं. तो चालत गेला, त्यानें पट्टा बांधला, आणि सर्वांच्या मागून निघाला. त्याच पहिल्या फेरींत जॉन वुल्फ हा इंग्रज चालक अपघातांत मेला. चोवीस तासांनीं इक्स व ऑलिव्हर यांची मोटार सुमारें १२० मीटरांच्या अंतरानें पहिली आली, आणि पुढल्या वर्षीं ती धांवण्याची चाल बंद झाली. प्रेक्षकांस सुखविणारा एक प्रवेश नटानें स्वतः कापून टाकला. खेळ त्यानें उणा झाला नाहीं.

आतां २०१६ चा शेवट. टोयोटा कंपनीस तोंवर ल माँ येथें एकदांही जय मिळाला नव्हता. रविवारीं दुपारीं तिची मोटार सर्वांच्या पुढें होती. चक्रावर काझुकी नाकाजिमा होता. तीनएक मिनिटें उरलीं असतां ती मंदावली, आणि आमच्या समोरच्या सरळ रस्त्यावर उभी राहिली. पोर्श बाजूनें निघून गेली. टर्बोचार्जर आणि इंटरकूलर यांमधील हवेच्या नळीची एक जोडणी निकामी झाली होती, असें मागाहून कळलें. शेवटची फेरी मुदतींत पुरी न झाल्यामुळें त्या मोटारीस निकालांत स्थानही मिळालें नाहीं. आमच्या गॅलरींत कोणी ओरडलें नाहीं. शेजारचे वृद्ध गृहस्थ घड्याळ खिशांत घालून नुसते बसून राहिले. त्याच शर्यतींत फ्रेदेरिक सोसे, ज्याचे दोन्ही हात व दोन्ही पाय रोगापायीं कापावे लागले होते, तो आपल्या जोडीदारांसह शेवटपर्यंत टिकून आला.

त्या शेवटच्या तीन मिनिटांचें चित्रण कोणालाही पाहतां येतें. मींही तें पुढें पाहिलें. परंतु गॅलरींत जें झालें तें त्यानें पुन्हा झालें नाहीं. मध्यरात्रीं मी गोष्टीचा शेवट मागत होतों. सकाळ होईपर्यंत कोणाचाही शेवट न व्हावा, सारे घरीं यावेत, असें वाटूं लागलें होतें. हा पालट कोणा कवीनें घडविला नाहीं, केवळ काळानें घडविला. अपघाताची भूक ही तासभर डोकावणाऱ्याची भूक आहे. जो सबंध वेळ जागतो त्याची ती बहुधा मरते, आणि मग नळीची एक जोडणी तुटली तरी त्यास करुणाचा अनुभव येतो, त्यासाठीं कोणाचा बळी लागत नाहीं. २०१८ सालीं टोयोटास पहिला जय मिळाला, तेव्हां शेवटीं चक्रावर नाकाजिमाच होता. तें वृत्त मीं पुण्यांत वाचलें आणि घरच्या माणसाची वार्ता यावी तसें वाटलें.

दीर्घतेस आपण टीकाकार सरसकट पाल्हाळ म्हणतों. कांहीं कृतींत ती प्रेक्षकाच्या वासना झिजविण्याचें काम करीत असेल, याचा विचार आपण फारसा केलेला नाहीं. तो व्हावा एवढ्यासाठीं हा लेख. १९५५ च्या रात्रीचा प्रश्न मात्र यानें सुटत नाहीं. त्या रात्रींही कित्येक प्रेक्षक पहाटेपर्यंत जागले असतील, आणि त्यांच्या जागरणानें कोणाचें काय शुद्ध झालें, हें सांगण्याचें धैर्य मला नाहीं.