संदर्भ आणि बाह्य दुवे : मराठी विकिपीडियावरील गावलेखांविषयी काही निरीक्षणे (अनसिंगच्या निमित्ताने)

मराठी विश्वकोशातील नोंदीच्या अखेरीस संदर्भग्रंथ दिलेले असतात व त्यानंतर नोंदलेखकाचे नाव येते. नोंद कशाच्या आधारे लिहिली व तिची जबाबदारी कोणाची, हे वाचकास तेथेच कळते. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर लेखाखाली लेखकाचे नाव नसते. साहजिकच विश्वासार्हतेचा सारा भार ‘संदर्भ’ ह्या विभागावर पडतो. त्यापुढील ‘बाह्य दुवे’ हा विभाग निराळ्या कामासाठी आहे. संदर्भ लेखातील विशिष्ट विधानास आधार देतो. बाह्य दुवा लेखात न मावलेल्या, परंतु विषयाशी थेट निगडित असलेल्या माहितीकडे वाचकास नेतो.

महाराष्ट्रातील गावांवरील अनेक लेखांत हा भेद पुसला गेला आहे. हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे अशी ठरावीक उपशीर्षके आणि शेवटी ‘संदर्भ’ म्हणून विलेजइन्फो, इन्क्रेडिबल इंडिया, मॅप्स ऑफ इंडिया अशा संकेतस्थळांच्या केवळ मुखपृष्ठांचे पत्ते, असा साचा गावोगावी आढळतो. पर्यटनाच्या राष्ट्रीय संकेतस्थळाच्या मुखपृष्ठावरून विदर्भातील एखाद्या खेड्याविषयीचे कोणते विधान सिद्ध होते? ह्याच यादीतील ‘सेन्सस२०११ डॉट को डॉट इन’ हे तर जनगणना आयुक्तालयाचे संकेतस्थळही नव्हे. असे पत्ते संदर्भ ठरत नाहीत आणि बाह्य दुवे म्हणूनही निरुपयोगी आहेत. ग्रंथाचे पान न सांगता ग्रंथालयाचा पत्ता द्यावा, तसा हा प्रकार झाला.

वाशिम तालुक्यातील अनसिंगचा विचार केल्यास प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. गावाचा जुना वृत्तांत शोधणारा विद्यार्थी स्वाभाविकपणे ‘वाशिम जिल्हा गॅझेटिअर’ शोधेल आणि रिकाम्या हाताने परतेल. वाशिम हा पूर्वी वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडून वाशिम तालुका अकोला जिल्ह्यात गेला. १ जुलै १९९८ रोजी वाशिम पुन्हा जिल्हा झाला. त्यामुळे १९१० चे गॅझेटिअर आणि १९७७ ची सुधारित आवृत्ती ही दोन्ही अकोल्याच्या नावावर आहेत. १९०८ च्या इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये तर वाशिम ‘बासिम’ ह्या नावाखाली सापडते. ही वाट यंत्राच्या शोधास सहज उमगत नाही. जाणकार संपादकानेच ती दाखवावी लागते. म्हणूनच दुव्यासोबतचे एका ओळीचे वर्णन दुव्याइतकेच मोलाचे आहे : ‘अकोला जिल्हा गॅझेटिअर, १९७७ (इंग्रजी), वाशिम तेव्हा ह्याच जिल्ह्यात होते.’ जनगणनेचा दुवाही वाशिमच्या २०११ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेचा द्यावा आणि लोकसंख्येचा आकडा लेखात घेतला असल्यास तो ‘संदर्भ’मध्ये, त्या वाक्यापाशी यावा.

तांत्रिक बाजू किरकोळ आहे. एकेरी चौकटी कंसात पत्ता, मग एक जागा सोडून शीर्षक, एवढेच. लेखाच्या मजकुरात मध्येच बाह्य दुवे पेरू नयेत. दुकाने, लॉज, खासगी शिकवण्या ह्यांचे दुवे काढून टाकावेत. त्यावर चर्चेची गरज नाही. (आपल्या महाविद्यालयाच्या संकेतस्थळाचा दुवा गावाच्या लेखात घालण्याचा मोह आपणा प्राध्यापकांनाही होतो, हे मान्य केले पाहिजे.)

अधिक बिकट प्रश्न पत्ते बदलण्याचा आहे. बहुतेक जिल्ह्यांची शासकीय संकेतस्थळे ‘एनआयसी’च्या पत्त्यांवरून ‘जीओव्ही’च्या पत्त्यांवर गेली आणि आतील पानांचे जुने दुवे निकामी झाले. मुखपृष्ठाचा दुवा देणारे ह्याचीच सबब सांगतात : मुखपृष्ठ तरी टिकते. परंतु टिकून काही न सांगणाऱ्या दुव्याचा उपयोग काय? नेमके पान द्यावे, पाहिल्याची तारीख नोंदवावी आणि इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याची प्रत जतन करून तिचाही पत्ता द्यावा. पदवीच्या वर्गातील प्रकल्पासाठी एका विद्यार्थ्याकडे एकच गाव सोपविले, तर हे काम दोन तासिकांत होते. मात्र गॅझेटिअर कोणत्या जिल्ह्याचे उघडावे, हे त्यास आधी शिक्षकाने सांगावयास हवे.