मराठी मजकुरात शोध : छोट्या लायब्ररींचा लेखाजोखा

डोंबिवलीतल्या एखाद्या वाचनालयाची सूची, जुन्या दिवाळी अंकांचा संग्रह किंवा सोसायटीच्या इतिवृत्तांत शोधाची सोय करायची तर मोठा सर्व्हर लागत नाही. एसक्यूलाइट, लूनर, मिनीसर्च, टँटिव्ही, झेपियन यांपैकी एखादी मुक्तस्रोत लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, जोडली की काम भागते. त्यांची तुलना बहुधा वेग आणि आकार यांवर होते. मराठीसाठी आधी विचारायला हवे ते दुसरेच: ही लायब्ररी शब्द कुठे तोडते? शोध घेण्याआधी मजकुराचे शब्द पाडून त्यांची सूची केली जाते. तिथेच चूक झाली, तर पुढचा वेग कामाचा नाही.

दिवा आणि डोंबिवलीच्या मधले 'कोपर' घ्या. एसक्यूलाइटमध्ये २०१५ साली आलेल्या एफटीएस५ या शोध-विस्ताराचा मूळ टोकनायझर, म्हणजे शब्द पाडणारा भाग, फक्त अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, वेलांटी, उकार युनिकोडच्या लेखी 'चिन्हे' असल्याने तिथे शब्द तुटतो. 'कोपर'चे 'क' आणि 'पर' होतात, 'कूपर'चेही तेच. म्हणजे कोपर स्टेशन शोधणाऱ्यासमोर कूपर रुग्णालयही येते. उपाय आहे: टोकनायझरच्या 'कॅटेगरीज' पर्यायात चिन्हांचा 'एम' वर्ग घालायचा. पण ही ओळ लिहावी लागते हे ठाऊक नसेल, तर चूक लवकर लक्षातही येत नाही, कारण हवे ते निकाल तर दिसतच असतात. २०२० मध्ये आलेला ट्रायग्रॅम टोकनायझर तीन-तीन वर्णांचे तुकडे करतो. त्यात शब्दाच्या पोटातलाही मजकूर सापडतो, पण 'घर', 'रस' असे दोन वर्णांचे शब्द शोधता येत नाहीत.

पायथनमधली व्हूश मूळ मांडणीत एफटीएस५सारखीच मात्रांवर तुटते. रस्टमधली टँटिव्ही वेगवान आहे आणि काना-मात्रा सांभाळते, पण तिचा साधा टोकनायझर पाय मोडलेल्या अक्षरापाशी थांबतो. 'रस्ता'चे 'रस' आणि 'ता' होतात, 'कल्याण'चे 'कल' आणि 'याण'. ब्राउझरमध्ये चालणारी लूनर तर मूळ रूपात शब्दाच्या दोन्ही टोकांची रोमन नसलेली अक्षरे छाटते, त्यामुळे देवनागरी शब्द पुरता पुसला जातो. तिची शेवटची आवृत्तीही २०२०ची आहे. मिनीसर्च मात्र मोकळ्या जागा आणि विरामचिन्हे यांवरच शब्द पाडते, म्हणून मराठी शब्द अखंड राहतो. सी प्लस प्लसमधली झेपियनही मात्रांना शब्दाचाच भाग धरते.

शब्द नीट पाडला तरी मराठीचे निम्मेच काम होते. 'कोपरला', 'कोपरच्या', 'कोपरपासून' ही रूपे एकत्र आणायला सुरुवातीच्या अक्षरांवरून शोध लावला, तर कोपरी, कोपरगाव आणि कोपरखैरणेही आत येतात. उलट जिथे सामान्यरूपात शब्दच बदलतो तिथे ही युक्ती हरते: 'पाऊस' लिहून 'पावसात' मिळत नाही, 'मूल' लिहून 'मुलाला' मिळत नाही. त्यात 'दुसऱ्या'सारखा शब्द संगणकावर दोन प्रकारे साठवला जातो, एकदा स्वतंत्र 'ऱ' घेऊन, एकदा 'र'चा पाय मोडून पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला नाही.

इथे लागतो स्टेमर, म्हणजे प्रत्यय सोडवून मूळ शब्दापाशी नेणारे नियम. जाव्हातल्या ल्युसीन या शोध-लायब्ररीत हिंदीचा स्टेमर आहे. त्याचा आधार असलेला निबंध अनंतकृष्णन रामनाथन आणि दुर्गेश राव यांनी २००३ साली मुंबईच्या एनसीएसटी या संशोधन संस्थेतून लिहिला. ल्युसीनमध्ये बंगाली आणि नेपाळीही आहेत, मराठी नाही. हिंदीचे नियम मराठीला लावले तर '-च्या', '-साठी', '-पासून' सुटत नाहीत. शिवाय अर्धचंद्राची मात्रा होते आणि 'बॅट' व 'बेट' एक होतात. मार्टिन पोर्टर यांच्या स्नोबॉल या स्टेमर-संग्रहातही हिंदी, नेपाळी, तमिळ आहेत, मराठी नाही. पायाभरणी मात्र झालेली आहे. भारतीय भाषांतल्या शोधाची कसोटी घेणाऱ्या 'फायर' उपक्रमात २००८पासून महाराष्ट्र टाइम्स आणि सकाळच्या बातम्या वापरल्या गेल्या, आणि स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल विद्यापीठातल्या ल्यिल्याना डोलामिच आणि झाक साव्हुआ यांनी मराठी स्टेमरवर अभ्यासही केला.

आज निवड करायची तर ब्राउझरसाठी मिनीसर्च, मोबाइल ॲपसाठी पर्याय बदललेली एफटीएस५ आणि सर्व्हरवर झेपियन घ्यावी. सूची करताना आणि शोधताना, दोन्ही वेळी 'ऱ'ची दोन्ही रूपे एक करून घ्यावीत. पण प्रत्येकाने आपापल्या प्रकल्पात प्रत्यय छाटण्याचे वेगवेगळे नियम लिहीत बसणे ही आपली खरी उधळपट्टी आहे. झेपियन आणि पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस स्नोबॉलचेच स्टेमर वापरतात. मराठीचे विभक्तिप्रत्यय, शब्दयोगी अव्यये आणि सामान्यरूपाचे नियम आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत मांडलेलेच आहेत. व्याकरण जाणणारा आणि प्रोग्रॅम लिहिणारा अशा दोघांनी मिळून ते स्नोबॉलमध्ये नेले, तर एका कामाचा फायदा अनेक लायब्ररींना होईल. मराठी डेव्हलपरांनी आता हेच काम हाती घ्यावे.