चुलीची पाटी आणि भट्टीचा कोळसा

पुस्तकाचे परीक्षण करणाऱ्याने ते पुस्तक पोटभर जेवून वाचले की उपाशीपोटी, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. खाद्यगृहाच्या परीक्षणात मात्र तो पहिलाच विचारावा लागतो, कारण भुकेला कोंडा गोड लागतो हे आपल्या आजीबाईंनाही ठाऊक होते. रविवारच्या पुरवण्यांतून अलीकडे एका नव्या प्रकारचे लेखन नियमाने येते. पहाटे सायकल काढावी, शहापूर-मुरबाडकडच्या रस्त्यांनी साठ-सत्तर किलोमीटर तुडवावेत, दुपारी एखाद्या ढाब्यावर भाजलेल्या कोंबडीवर ताव मारावा आणि संध्याकाळी त्या ढाब्यावर स्तुतिसुमने उधळावीत. हे लेख आम्ही आवडीने वाचतो. परंतु त्यांतील निकाल जिभेने दिले आहेत की पायांच्या पोटऱ्यांनी, ही शंका आमच्या मनातून जात नव्हती. म्हणून आमच्या धर्मग्रामातील पाच तरुणांबरोबर आम्ही स्वतःच एक प्रयोग केला. तीच खाद्यगृहे दोनदा पाहायची. एकदा सायकलवरून, भुकेने कासावीस होऊन. आणि दुसऱ्यांदा लोकलने व एस.टी.ने, घरून न्याहारी करून.

नाताळची धामधूम ओसरल्यावर सायकली टेम्पोत घातल्या आणि उंबरमाळीला उतरवल्या. खर्डी आणि कसारा यांच्यामधले हे छोटे स्थानक. रेल्वे कसाऱ्यापर्यंत १८६१ साली पोहोचली, पण उंबरमाळीचे नाव पुष्कळ मुंबईकरांनी पहिल्यांदा ऐकले ते जुलै २०२१मधल्या त्या रात्री, जेव्हा येथे पावसाचे पाणी फलाटाला टेकले होते. एरवी गाडीतून जाणारा माणूस या स्थानकाकडे पाहतही नाही; कसारा आला की नाही एवढेच त्याला हवे असते. आम्ही उतरलो तेव्हा डोंगरावर धुके होते आणि फलाटावर सरपणाच्या मोळ्या घेऊन दोन बाया गाडीची वाट पाहत बसल्या होत्या. या मोळ्या आम्हांला दिवसभर आठवत राहणार होत्या, हे तेव्हा कळले नाही.

सायकल हे परीक्षकाचे उत्तम वाहन आहे, एवढे प्रथमच मान्य केले पाहिजे. मोटारीतून पाटी आधी दिसते आणि वास नंतर येतो, किंवा येतच नाही. सायकलवर वास आधी येतो. जळक्या चरबीचा वास, गरम तेलात पुन्हापुन्हा तळलेल्या पदार्थाचा वास, ओल्या लाकडाचा डोळ्यांत जाणारा धूर, हे सारे पाटी दिसण्याआधी शंभर पावलांवर साक्ष देऊन जातात. शिवाय वेग असा की माणसाशी दोन शब्द बोलता येतात. या प्रांतात सायकल हा नुसता हौसेचा विषय राहिलेला नाही. तेरा तास तीस मिनिटांत दोनशे किलोमीटर पुरे करण्याचे 'ब्रेव्हे' नावाचे उपक्रम फ्रान्समधील क्लबाच्या नियमांनुसार आपल्याकडेही होतात. आणि घाटापलीकडच्या नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांत मिळून नऊ दिवसांच्या आत पुरी केली. आमची मजल अर्थातच तेवढी नव्हती. उंबरमाळीहून खर्डी, आटगाव करीत शहापूर. तेथून किन्हवलीवरून सरळगाव आणि मग मुरबाड. एवढ्यावरच आमच्या गुडघ्यांनी पुढील आठवडाभर आम्हांला पायऱ्या मोजायला लावल्या.

महामार्गावरचा पहिला ढाबा जुन्या वळणाचा होता. मुंबई-आग्रा रस्त्यावर मालमोटारी वाढल्या तसे पंजाबी ढाबे आले आणि त्यांच्याबरोबर तंदूर आला. पेशावरहून फाळणीनंतर दिल्लीत आलेल्या कुंदनलाल गुजराल यांच्या दर्यागंजातील 'मोतीमहल'ने तंदुरी कोंबडी देशभर प्रतिष्ठित केली. महामार्गांनी ती गावोगाव पोहोचवली. तंदुराचे शास्त्र साधे आहे. मातीच्या भिंतींची धग चहूबाजूंनी मांसाला पकडते, सळईवरून गळणारी चरबी खालच्या निखाऱ्यांवर पडते आणि तिचाच धूर उलट मांसात शिरतो. म्हणजे मसाला हा निम्मा भाग. उरलेला निम्मा आगीचा आणि वेळेचा. या ढाब्यावर भट्टी खरोखर पेटलेली होती, कोंबडी आमच्यादेखत सळईला लावली गेली आणि वीस मिनिटे आम्हांला बाकावर बसवून ठेवले गेले. सायकलवरून आलो तेव्हा ती अप्रतिम लागली. दुसऱ्या खेपेला, भरल्या पोटी, ती चांगली लागली. रंग अंमळ अधिक, मीठही अधिक. पण हाडाजवळचे मांस ओलसर होते आणि धूर खरा होता. दोन निकालांत फरक फार पडला नाही, हीच त्या आचाऱ्याची पावती.

पुढच्या ठिकाणाची गोष्ट वेगळी. त्याचे नाव आम्ही देत नाही, कारण तसल्या पाट्या आता दर दोन-चार किलोमीटरला भेटतात. 'अस्सल गावरान, चुलीवरचे मटण, गावठी कोंबडी, बार्बेक्यू'. बैलगाडीचे चाक भिंतीला टेकवलेले, कंदील टांगलेले, शेणाने सारवल्यासारखा दिसणारा सिमेंटचा ओटा. दर्शनी बाजूस तीन चुली, त्यांवर मडकी. पहिल्या खेपेस आम्ही हे सारे कौतुकाने पाहिले आणि ताट स्वच्छ केले. दुसऱ्या खेपेस आम्ही हात धुण्याच्या निमित्ताने मागे गेलो. मागे गॅसच्या मोठ्या शेगड्या होत्या. चुलीवर फक्त मडकी कढत ठेवली जात होती, ती पाहुण्यांनी पाहावीत म्हणून.

गॅसवर रांधणे हे पाप नव्हे. आमच्या धर्मग्राममंदिराच्या सणाचे जेवणही गॅसवरच होते. आमचा आक्षेप दुसरा आहे. त्याच फलकावर 'गावठी तंदुरी' असे लिहिले होते, आणि हे दोन शब्द एकमेकांच्या शेजारी सुखाने नांदू शकत नाहीत. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते. तिचे मांस मऊ, पाणीदार, तीव्र आचेवर पटकन होणारे. परसात किडे टिपत पाच-सहा महिने हिंडलेल्या गावठी कोंबडीचे मांस घट्ट. तिला झाकण ठेवून, मंद आचेवर, रश्शात तासभर शिजवावे लागते. तिला तंदुरात घातली तर ती वादीसारखी चिवट होते. तेव्हा ताटात आलेली मऊसूत 'गावठी तंदुरी' ही एक तर गावठी नव्हती किंवा तंदुरी नव्हती. साहित्यात याला आपण बेगडी ग्रामीणता म्हणतो. गोष्टीत नांगर आणि मोट आली की ती ग्रामीण झाली असे मानणारे लेखक एके काळी पुष्कळ होते. त्यांच्या कथांतील शेतकऱ्याला घाम कधी येत नसे.

भाजण्याची अस्सल स्थानिक कला आपल्याला ठाऊक नाही असे नाही. वसईकर वाचकांना आगाशीचे भुजिंग सांगायला नको. निखाऱ्यावर भाजलेल्या कोंबडीचे तुकडे, बटाटा, मसाला आणि पोहे, एवढाच संसार. पण मांसाचा रस आणि धूर पोह्यांनी शोषून घ्यावा ही कल्पना ज्याला सुचली तो कलावंत होता. ती कल्पना त्या गावच्या गरजेतून, हाताशी असलेल्या धान्यातून आणि ताडीबरोबर काही तरी खमंग हवे असणाऱ्या गिऱ्हाइकातून आली. भुजिंग विकणाऱ्याला भिंतीला बैलगाडीचे चाक टेकवावे लागत नाही.

आता ज्या माणसामुळे हा लेख लिहावासा वाटला त्याच्याकडे वळतो. पहिल्या ढाब्यावर तंदुरापाशी विशी ओलांडलेला एक तरुण होता. आमच्या मुलांपैकी एकाने त्याला विचारले, कोळशाची धग बरोबर आली हे तू कसे ओळखतोस? तो हसला. म्हणाला, "भट्टीवरच वाढलो ना मी." आम्हांला वाटले, ढाब्याच्या भट्टीवर. त्याने मान हलवली. "नाही फादर, कोळशाच्या भट्टीवर. आईबाप कोळसा पाडायला जायचे."

तो कातकरी होता. या समाजाचे नावच कातावरून पडले. खैराचा गाभा उकळून कात काढणे हा त्यांचा धंदा. इंग्रजांनी १८७८च्या कायद्याने जंगलावरची सरकारी पकड घट्ट केली आणि तो धंदा हळूहळू हातचा गेला. मग ज्यांनी जंगलाचा रस काढला त्यांनी जंगल जाळून कोळसा पाडायचे काम पत्करले, तेही दुसऱ्याच्या मालकीने. लाकडे रचायची, पालापाचोळा आणि मातीने लिंपायची, आत हवा कमी जाईल अशी बेताने पेटवायची आणि कित्येक दिवस-रात्री राखत बसायचे. कोठे भेग पडली तर आत ज्वाळ उठते आणि सारे लाकूड राख होते; म्हणून रात्री उठून भेगा लिंपाव्या लागतात. चार-पाच किलो लाकडामागे हाती लागतो जेमतेम किलोभर कोळसा. दिवाळीनंतर मालकाकडून उचल घ्यायची, पोराबाळांसकट भट्टीवर जायचे आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. हिशेबात उचल पुष्कळदा फिटलेली नसे, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तोच मालक. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६चा. महाराष्ट्रात ज्या तीन जमाती शासनाने विशेष दुर्बल म्हणून गणल्या आहेत त्यांत कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी आहेत.

आम्ही त्याला विचारले, शाळा? तो म्हणाला, "पावसाळ्यात जायचो." मग सळई फिरवता फिरवता म्हणाला, की इथला कोळसा कोठून येतो ते त्याला माहीत नाही, गोणी कल्याणहून येते, पण हातात घेतला की तो कच्चा पडला आहे की पक्का ते कळते. कच्चा कोळसा धुरकट जळतो आणि मांसाला कडवटपणा आणतो. त्या कोंबडीची चव आम्ही जी चांगली म्हटली, तिच्यातला निम्मा वाटा या मुलाच्या बालपणाचा होता. पुरवण्यांतल्या लेखांत मालकाचे नाव असते, मसाल्याचे 'गुपित' असते. भट्टीपाशी उभा असलेला माणूस कोठेच नसतो. समीक्षेतील ही चूक लहान नाही. नाटकावर लिहावे आणि नटाचा उल्लेख करू नये असा हा प्रकार आहे.

त्याच लेखांतून आणखीही एक गोष्ट गाळलेली असते. भातसा, तानसा, वैतरणा, मुंबईची तहान भागवणारी ही धरणे याच डोंगरांत आहेत. तानसा तलाव १८९२चा. आणि तरीही शहापूर तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जानेवारीत सायकलवरून जाणाऱ्याला निसर्गरम्य ओढे दिसतात, ते खरेच आहेत. एप्रिलमध्ये त्याच रस्त्याने एकदा जाऊन पाहावे, हंडे घेतलेल्या बाया सायकलीच्याच वेगाने चालत असतात.

मालकांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या चुलीच्या देखाव्याच्या मालकाशी आम्ही दुसऱ्या खेपेस बोललो. त्याने काही लपवले नाही. शंभर माणसांचे जेवण चुलीवर उरकत नाही, सरपण मिळत नाही, मिळाले तर वनखात्याची भीती. आणि पाटी लावली नाही तर मोटार थांबत नाही. त्यातच ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. नाशिककडची कित्येक वाहने आता बोगद्यातून जातात. कसाऱ्याचा घाट आणि त्याखालचे ढाबे त्यांना लागतच नाहीत. "आता तुमच्यासारखे सायकलवालेच," असे तो म्हणाला, कारण समृद्धीवर सायकलीला मज्जाव आहे. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. आमचा त्याच्या चुलीवरचा राग निम्म्याने उतरला. परंतु तीन मडक्यांखाली दिवसभर जळणारे लाकूड कोणाच्या तरी डोक्यावरून आलेले असते, आणि ते केवळ देखाव्यासाठी जळते, हे काही केल्या पचले नाही.

किन्हवलीच्या रस्त्याला वर्दळ कमी झाली. भाताची खाचरे कापून मोकळी पडली होती, कोठे वालाची हिरवी पट्टी, कोठे रस्त्याकडेला पेंढ्याची उडवी. खाण्याच्या दृष्टीने या टप्प्यात भजी आणि चहा यांखेरीज काही नाही. आणि ती भजी, आमच्या तरुणांच्या मते, साऱ्या दिवसातले सर्वोत्तम खाणे होते. या मताला परीक्षणाच्या दृष्टीने काडीची किंमत नाही, कारण ती त्यांनी चढ चढून खाल्ली होती.

मुरबाडला बाजारपेठेच्या मागे एक लहान खानावळ आहे. चार बाके, पाटीवर फक्त 'जेवण तयार आहे'. आम्ही दोन्ही खेपांना तेथे जेवलो. मटणाचा रस्सा पातळ, तिखट बेताचे, तांदळाची भाकरी गरम. दोन्ही वेळा सारखेच लागले, म्हणजे आमच्या कसोटीला ते पुरेपूर उतरले. पण आतून एक वास येत होता, आणि तो मटणाचा नव्हता. आमच्यापैकी अर्नाळ्याच्या मुलाने तो चटकन ओळखला. वसईच्या किनाऱ्यावरची सुकी मासळी या तालुक्यांच्या आठवडी बाजारांत येते, पावसाळ्याच्या बेगमीला घराघरांत साठवली जाते. आत चुलीच्या निखाऱ्यावर, विस्तव विझत आला असताना, कोणी तरी सुके बोंबील भाजत होते.

दुसऱ्या खेपेस धीर करून आम्ही खानावळीच्या बाईंना म्हटले, "मावशी, ते बोंबील आम्हांला मिळतील का?"

त्या पदराने तोंड झाकून हसल्या. "ते काय गिऱ्हाइकाला द्यायचं असतं का, फादर? ते आमचं घरचं."

मग आत गेल्या आणि बशीत चार बोंबील, वर ठेचलेली हिरवी मिरची, बाजूला भाकरीचा तुकडा घेऊन आल्या. कडेला किंचित करपलेले, मध्ये लवचीक, राखेचे एक-दोन कण अजून चिकटलेले. त्या दिवशी आम्ही भुकेले नव्हतो. चारही संपवले. बिल आले त्यात बोंबलाचे पैसे नव्हते, आणि आम्ही विचारले तेव्हा त्यांनी हातानेच नको म्हटले.