उपाय बरोबर, कारण चूक: एटीव्हीचं नाक का बसतं?

नेहमी आपण एखादा पेपर घेऊन त्याची चिरफाड करतो. आज एका सल्ल्याची करूया. सल्ला लॅबमधला नाही, अंगणातला आहे. पण त्यात जी चूक आहे ती मी स्वतः माझ्या पहिल्या वर्षाच्या रिपोर्टमध्ये केली होती, म्हणून लिहितेय.

मी सध्या राहते तो भाग म्हणजे अमेरिकेतल्या मिशिगन राज्याचा उत्तरेकडचा कीविनॉ द्वीपकल्प. थंड वारा लेक सुपीरियरच्या तुलनेने उबदार पाण्यावरून येतो, बाष्प उचलतो आणि जमिनीवर आला की बर्फ टाकतो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात इथे ३९०.४ इंच बर्फ पडल्याची नोंद आहे, म्हणजे जवळजवळ १० मीटर! त्यामुळे बरेच जण एटीव्हीला, म्हणजे जाड टायरांच्या, मोटरसायकलसारखं हँडल असलेल्या चारचाकी गाडीला, पुढे लोखंडी पातं लावतात. पातं खाली टेकवून बर्फ ढकलायचा, मग विंचने उचलून मागे यायचं.

माझ्या घरमालकांनीही लावलं. पातं उचललं की गाडीचं नाक खाली बसायला लागलं. त्यांना सगळीकडून एकच सल्ला मिळाला: "पुढच्या स्प्रिंगचा प्रीलोड वाढव, स्प्रिंग कडक होते." त्यांनी पाना घेऊन कॉलर फिरवली, नाक वर आलं. मी पण मान डोलावली. एमएस्सी झालेली मुलगी! दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये हे सांगितलं तर सीनियरने शांतपणे विचारलं, "कडक झाली म्हणजे किती न्यूटन प्रति मिलीमीटरने?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण खरं उत्तर शून्य आहे.

आता क्रमाने बघू. आकडे सोयीसाठी धरलेत, पण वास्तवाच्या जवळचे आहेत.

पात्याचं वजन ५० किलो. त्याचा गुरुत्वमध्य पुढच्या अ‍ॅक्सलच्या ०.६५ मीटर पुढे. दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर १.३ मीटर. मागच्या अ‍ॅक्सलभोवती मोमेंट घेतले तर पुढच्या अ‍ॅक्सलवर वाढलेला भार ५० × १.९५ ÷ १.३, म्हणजे ७५ किलो. पातं ५० चं, भार ७५ चा! वरचे २५ किलो कुठून आले? मागच्या चाकांवरून उचलले गेले. गावाकडे मागे जास्त भरलं की बैलगाडी उलाळ होते आणि जू वर उचललं जातं, त्याचंच हे उलटं रूप. दोन्ही पुढच्या चाकांचा मिळून कडकपणा २० न्यूटन प्रति मिलीमीटर धरला, तर ७३५ न्यूटनला नाक साधारण ३७ मिलीमीटर बसणार.

आता कॉलर फिरवली की काय होतं? साध्या स्प्रिंगचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास आणि त्यांची संख्या यांवर ठरतो. कॉलर यातलं काहीच बदलत नाही. ती फक्त स्प्रिंग जिथे टेकते ती जागा सरकवते, आणि त्यामुळे गाडी उंच उभी राहते. समजा नुसती गाडी तिच्या वजनाने ६० मिलीमीटर बसते आणि पातं उचलल्यावर ९७. कॉलरने ३५ मिलीमीटर उंची मिळवली तर हे आकडे २५ आणि ६२ होतील. फरक मात्र ३७ चा ३७. हा फरक फक्त कडकपणा ठरवतो.

म्हणजे सल्ल्याची परीक्षा एका टेपने होते. पातं जमिनीवर टेकवून उंची मोजा, उचलून मोजा, वजाबाकी करा. कॉलर फिरवून पुन्हा तेच करा. स्प्रिंग खरंच कडक झाली असेल तर वजाबाकी कमी यायला हवी. आम्ही करून पाहिलं, वजाबाकी जवळपास तीच आली.

मग लोकांना ती कडक झाल्यासारखी का वाटते? टीका करताना हा प्रश्न टाळायचा नसतो. समोरचा मूर्ख नसतो, त्याला काहीतरी खरंच जाणवलेलं असतं. नाक वर आल्यामुळे खड्ड्यात आदळायच्या आधी स्प्रिंगला दाबायला जास्त जागा मिळते, म्हणून दणके कमी बसतात. शिवाय प्रीलोड खूप असेल तर सस्पेन्शन पूर्ण उघडलेल्या स्थितीत हाताने दाबून बघताना सुरुवातीला हलतच नाही. दोन्ही अनुभव खरे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा.

"नाक वर आलं ना, मग कारणाशी काय देणंघेणं?" घरमालकांचाही हाच प्रश्न होता. पण पुढचा निर्णय आपण कारणावर घेतो. फिरवल्याने कडक होते असं मानल्यामुळे त्यांनी कॉलर शेवटपर्यंत आवळली. आता पातं खाली टेकवून बर्फ ढकलताना त्याचं वजन जमिनीवर जातं, नाक उंच उठतं, आणि चाकाला खाली जायला फक्त २५ मिलीमीटर उरतात. गोठलेल्या चाकोरीत पुढचं चाक हलकं पडायला लागलं, हँडल वळवलं तरी गाडी सरळच जायची. एका सकाळी ती अशीच टपालपेटीच्या खांबाकडे गेली. थोडक्यात वाचले. उचललेल्या आणि टेकलेल्या स्थितींमधला फरक खरंच कमी करायचा असेल तर जास्त कडकपणाची स्प्रिंग हवी, किंवा हलकं पातं, किंवा ते अ‍ॅक्सलच्या जवळ.

याच सल्ल्याची दोन भावंडंही आहेत. पहिलं: "पात्याच्या नळ्या गाडीच्या पोटाखाली मध्यावर जोडल्या की वजन मध्यावर जातं." ढकलतानाचं बल तिथून जातं हे खरं. पण पातं हवेत असताना गाडी आणि पातं मिळून एकच वस्तू मानून फ्री बॉडी डायग्राम काढा. नळ्या कुठे जोडल्यात, विंचचा दोर किती ताणलाय, ही सगळी अंतर्गत बलं झाली, ती गळून पडतात. अ‍ॅक्सलवरचा भार फक्त वजन आणि गुरुत्वमध्याची जागा यांवर ठरतो.

दुसरं: "मागे वाळूची पोती ठेव, नाक उठेल." ५० किलोची पोती मागच्या अ‍ॅक्सलच्या ०.२ मीटर मागे ठेवली तर पुढून उतरतात ५० × ०.२ ÷ १.३, म्हणजे जेमतेम ७.७ किलो. ७५ मधले! पोती ठेवावीत, पण मागच्या चाकांनी गमावलेली पकड परत मिळवायला. नाकासाठी नाही.

आणि मोजमापाबद्दल एक. बंपर ते जमीन असं मोजू नका, त्यात टायरही मोजला जातो. एटीव्हीच्या टायरमध्ये दाब अगदी कमी असतो, ५ पीएसआयच्या आसपास. २० अंश सेल्सियसच्या गॅरेजमध्ये भरलेले ५ पीएसआय बाहेर उणे २० अंशाला सुमारे २.३ च उरतात, कारण वायूचा नियम निरपेक्ष दाबाला लागू होतो, गेजवरच्या आकड्याला नाही. आत एकदा आणि बाहेर एकदा मोजलंत तर सस्पेन्शनच्या नावावर टायरचं बसणं खपवाल. चाकाच्या मध्यापासून बॉडीवरच्या एका खुणेपर्यंत मोजा. घर्षणामुळे आकडा अडकतो, म्हणून एकदा गाडी दाबून सोडून आणि एकदा उचलून सोडून मोजा, आणि सरासरी घ्या.

आता माझ्या रिपोर्टचं. माझं सँपल गरम केल्यावर सिग्नल सुधारला होता. मी लिहिलं, "दोष कमी झाले." दोष मी मोजलेच नव्हते. सिग्नल खरा होता, कारण मी मनाने चिकटवलं होतं, आणि त्या कारणावर पुढच्या चार महिन्यांचे प्रयोग आखले होते. ते सगळे वाया गेले. घरमालकांनी कॉलर शेवटपर्यंत आवळली, मी तापमान वाढवत गेले. दोघांनीही तेच केलं.

तुम्ही पेट-नेटच्या तयारीत असाल तर एक करून बघा. वाचलेल्या शेवटच्या पेपरमधलं "अमुकमुळे तमुक झालं" असं एक वाक्य निवडा. ते अमुक खोटं असतं तर कोणता आकडा वेगळा आला असता, ते लिहा. मग तो आकडा पेपरमध्ये मोजलाय का ते शोधा. नसेल, तर तुमच्या प्रपोजलचा पहिला परिच्छेद कदाचित तिथेच आहे.

घरमालकांनी कॉलर तीन घरं मागे घेतली आहे. कडक स्प्रिंगची ऑर्डर गेली आहे. टेप अजून माझ्याकडेच आहे.